इजाबायचं पान

आमच्या गावठाणात आता शेत उरलेलं नाही. खाडीच्या अंगाला भाताची खाचरं होती तिथं टॉवर उभे आहेत आणि बांधाच्या जागी गाड्यांचं पार्किंग आहे. तरी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आम्ही आगेरा करतोच. आगेरा म्हणजे आम्हा ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचा नव्या भाताचा सण. क्रुसापाशी भाताच्या लोंब्या ठेवायच्या, फादरनी आशीर्वाद द्यायचा, मग बाजा लावून त्या देवळात न्यायच्या. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, त्यामुळे बाहेरच्या पाहुण्यांचा दर वर्षी घोटाळा होतो. मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य प्रार्थना, झाली की घरोघर दोन लोंब्या दारावर बांधायला मिळतात आणि चार दाणे तांदळाच्या डब्यात टाकायला.

शेत नसताना लोंब्या येतात कुठून, हा प्रश्न कुणाला पडत नव्हता, कारण त्या ममई आणायची. ममई म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. नाव इजाबेल. डोळखांबच्या वरच्या एका पाड्यावरून ती दर वर्षी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली पेंढी घेऊन यायची आणि क्रुसाच्या पायथ्याशी ठेवून बाजूला उभी राहायची. गेल्या नाताळानंतर ती गेली. ऑगस्टपासून गावठाणातले लोक आमच्या ममीला, म्हणजे माझ्या आईला, विचारायला लागले, "ह्या वर्षी पेंढीचं काय?" कुणी म्हणालं, फुलबाजारात सजावटीची कणसं मिळतात, तीच आणू. हे ऐकून ममी तीन दिवस कुणाशी धड बोलली नाही. चौथ्या दिवशी मला म्हणाली, "तू जा. ममईच्या माघारी पहिल्याच आगेऱ्याला बाजारची कणसं आली तर मी देवळात पाय ठेवणार नाही."

निघायच्या आदल्या दिवशी अजून एक गोष्ट झाली. आगेऱ्याच्या मिस्सात फादर प्रत्येक घरानं दिलेली मयतांची नावं वाचतात. आमच्या घरची नावं ममई द्यायची, आणि त्यात शेवटी न चुकता एक नाव असायचं : गोमा. हा गोमा कोण, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. ममीनं एकदा विचारलं होतं, तर ममई म्हणाली, "आपलाच हाय," आणि मासे साफ करायला बसली. ममीला वाटायचं, असेल तिच्या माहेरचा कुणी. आता नावं द्यायचं काम ममीकडे आलं होतं. तिनं मला विचारलं, "त्या गोमाचं नाव द्यायचं का गं?" मी बॅग भरत होते. म्हटलं, "ज्याला कुणी ओळखत नाही त्याचं काय द्यायचं? राहू दे."

शुक्रवार, मुरबाड

आसनगावला उतरून शहापूरवरून गेलं तर डोळखांब सोपं पडतं. पण ममई कल्याणहून एसटीनं मुरबाडलाच जायची, म्हणून मीही तशीच गेले. तिचं कारण साधं होतं. आमचे आजोबा एसटीत ड्रायव्हर होते आणि मुरबाडहून डोळखांबला जाणारी मुक्कामाची गाडी त्यांच्याकडे होती. संध्याकाळी गाडी गावात न्यायची, रात्री तिथंच झोपायचं, पहाटे परत. नवऱ्याचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्यानं जाणं तिला पटलं नसावं.

मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे गावाचा सगळा जीव स्टँडात गोळा झालेला असतो. मी मिसळ खाल्ली. आमच्याकडच्या मिसळीत फरसाण जास्त असतं, इथं मटकी होती आणि तिखट असं की डोळ्यांतून पाणी आलं. वेटरनं न सांगता दही आणून ठेवलं. माझ्या मांडीवर फुग्यांचा डबा होता. फुगे म्हणजे मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचं पीठ आंबवून तेलात सोडलेले गोळे. ममई पाड्यावर जाताना नेहमी फुगे न्यायची, म्हणून ममीनं पहाटे उठून तळले होते. डब्यावर तिनं रुमालात गुंडाळून एक कात्री ठेवली होती, तिची शिवणाची. "लोंब्या तोडायला," म्हणाली. शेत गेलेल्या घरात विळा कुठून असणार?

किन्हवलीवरून डोळखांबला जाणारी जीप भरता भरता माझ्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. कल्याणला नोकरी करायच्या, शेणव्याच्या होत्या. त्यांनी पर्समधला पास नीट ठेवला आणि मला विचारलं, "तुमी हिकडच्या नाय वाटत?"

मी पाड्याचं आणि सोमीबायचं नाव सांगितलं. ममई जिच्या घरी जायची ती ही सोमीबाय.

"अगो, मंग तुमी त्या इजाबायच्या कोण?"

"नात."

बाईंनी माझ्याकडे वळून नीट पाहिलं. "माझ्या लहानपणी ती आमच्या घरी पाणी प्यायला थांबायची. आमी जयभीमवाले, ती क्रॉसवाली, आन् चालली डोंगरातल्या देवाकडं. माझी आई हसायची. म्हणायची, ही बाय सगळ्यांची पावनी." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण एक हाय. आमच्या दारातला कढीपत्ता तोडायचा तरी हाक मारायची. आई घरात नसली तं तशीच जायची."

हे मला चांगलं माहीत होतं. विचारल्याशिवाय ममई शेजारच्या झाडाची शेंगसुद्धा घेत नसे. घरात भाजी चुलीवर आणि ही बाहेर मालकाची वाट पाहत उभी. आम्ही नातवंडं तिला चिडवायचो, की ममई, झाडालाच विचार ना. ती म्हणायची, "विचारलं आसतं, पण ते मालकाचं नाव नाय सांगत."

शेणव्याला त्या उतरल्या. जाताना म्हणाल्या, "पाड्यावर लगेच परत नका फिरू. टाइम काढून बसा." मी हो म्हटलं. ऐकायला हवं होतं.

पाडा

डोळखांबच्या पुढे रस्ता डोंगरात शिरतो. पाऊस जाऊन आठवडा झाला होता आणि सगळं रान धुऊन ठेवल्यासारखं होतं. बांधांवर तेरडा, कातळावर सोनकी, आणि समोर आजोबाचा डोंगर. ह्या डोंगराचं नावच आजोबा आहे. आमचे आजोबा आम्हाला सांगायचे, तिकडं एक अख्खा डोंगर माझ्या नावावर आहे, आणि आम्ही शाळेत ते सगळ्यांना सांगायचो.

जीपवाल्यानं मला पाड्याच्या फाट्यावर सोडलं आणि म्हणाला, "अर्ध्या तासात येत असाल तं थांबतो, मंग वरून भाडं आनायचं हाय." मी मनात लगेच हिशोब मांडला. पेंढी घ्यायची, फुगे द्यायचे, चहा प्यायचा आणि रात्री घरी. माझा स्वभावच घाईचा आहे. घरचे म्हणतात, मी जेवायला बसते तीच उठायच्या तयारीनं.

घराच्या अलीकडेच मला ते खाचर दिसलं. ममईनं इतक्यांदा सांगितलं होतं की डोळे मिटून ओळखलं असतं. मोहाच्या मोठ्या झाडाखालचा हळव्या भाताचा तुकडा. हळवं म्हणजे लवकर पिकणारं. आजूबाजूचं गरवं अजून हिरवं होतं आणि एवढंच पिवळं होऊन वाकलं होतं. मी रुमाल सोडला, ममीची कात्री काढली आणि बांधावर बसून चांगली मूठभर पेंढी कापली. आमच्यासाठीच ठेवलेलं भात आहे, दोन मिनिटांत भेटून सांगायचंच आहे, असं वाटलं. पेंढी इतकी छान दिसत होती की मी तिचा फोटोही काढला.

अंगणात सोमीबाय नाचणी पाखडत बसली होती. सत्तरीच्या पुढची, बारीक, केस सगळे पांढरे. तिनं मला लगेच ओळखलं. ममईच्या नाकाचा हा फायदा. "आली का गो!" म्हणून ती उठली, आणि मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली. तिची सून सुनीता दारातून बाहेर येत होती, ती तिथंच थांबली.

"बाय," सोमीबाय हळू म्हणाली, "ती आत आनू नको."

मला कळेना. सुनीतानंच सांगितलं. "आमचं नवं नाय झालं अजून, ताई. नवं केल्याबिगर कोन विळा लावत नाय. घरात दाना येत नाय. आधी कनसरीला, भाताच्या देवीला, मंग आमच्या मेलेल्या मानसांना, मंग आमाला."

"कधी आहे नवं?"

"मंगळवारी. भगतानं दिस लावलाय."

आगेरा रविवारी होता. पेंढी हातात आणि पाय अंगणाच्या कडेला, अशी मी उभी राहिले. आत चुलीवर नाचणीची भाकरी भाजल्याचा वास येत होता. नंतर कळलं, घरातला जुना तांदूळ पंधरा दिवसांपूर्वी संपला होता. बाहेर पिकलेलं भात वाकून उभं होतं आणि हे पाच जणांचं घर भगताच्या दिवसाची वाट पाहत नाचणी खात होतं. त्या भाताला मी कात्री लावून आले होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सोमीबायनं माझ्या हातातली पेंढी घेतली नाही. मोहाच्या झाडाकडे बोट करून म्हणाली, "तिकडं फांदीला बांध. पाखरं खातील." मी बांधली. परत आले तेव्हा जीप निघून गेल्याचा आवाज फाट्यावरून आला. सोमीबायनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि चक्क हसली.

"तुजी आजी पयल्या वर्षी अशीच आली, हातात पेंडी घेऊन. डायवरदादा आमच्याकडं जेवायचा ना मुक्कामाला, त्यानंच सांगितलं तिला, हितं भात हाय. भास्करच्या बापसानं तिला अंगनात नाय घेतली." भास्कर म्हणजे तिचा मुलगा. नवऱ्याचं नाव ती घेत नव्हती. "डायवरदादा लाजला. जेवला नाय, गाडीत जाऊन झोपला. ती नाय गेली. त्या दगडावर बसली. म्हने, कवा घ्यायची ते सांगा, मी परत येन. आन् आली. त्या वर्षी तुमचा सन होऊन गेला व्हता, तरी आली."

"मग पुढच्या वर्षांना?"

"पुढं ती सांगून ठेवायची, आमचा सन अमक्या ऐतवारी. भगत आदल्या दिसाला आमचं नवं लावायचा. गनपतीत तिचा फोन यायचा. ह्या वर्षी नाय आला. कोन सांगनार?"

ती गेल्याचं ममीनं जानेवारीतच भास्करला फोन करून कळवलं होतं. पण आगेऱ्याची तारीख कळवायची असते, हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. ममई गणपतीत कुणाशी तरी बोलत असायची आणि आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो.

जेवायला भाकरी, कर्टुल्याची भाजी आणि सुकटाची चटणी होती. आमच्याकडे असतं तर भाजीत खोबरं पडलं असतं, इथं मिरची आणि मीठ. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. फुग्यांचा डबा मात्र सोमीबायनं उघडू दिला नाही. वर फळीवर ठेवून दिला.

शनिवार

सकाळी भगत आला. लहानूबाबा, सोमीबायचा दीर. डोक्याला टॉवेल, कानात बाळी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सोमीबायनं त्याला काय ते सांगितलं. त्यानं डोक्याचा टॉवेल सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाला, "लावलेला दिस हलवायचा नसतो."

भास्करही पेचात पडला. मंगळवारसाठी त्याची बहीण किन्हवलीहून यायची होती. लग्न झालेली बहीण नव्याला नसली तर वर्षभर टोमणे मारते, आणि ते खरेही असतात, असं तो म्हणाला. मी म्हटलं, राहू द्या. तुमचा दिवस तुमचा. मी घरी सांगेन काय ते. हे मी मनापासून म्हटलं, पण ममीचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"घरी काय सांगशील?" लहानूबाबानं विचारलं.

"की मी न विचारता कापलं."

म्हातारा सोमीबायकडे वळला. "मंगळवार मी कशाला लावला? आठवतंय? तू म्हनालीस, इजाबायच्या घरून फोन नाय, थोडी वाट बघू. तिच्या मानसांची वाट बघूनच मंगळवार लावला. आता तिची नात आली. मंग वाट कुनाची बघायची?" आणि भास्करला म्हणाला, "बहिनीला फोन लाव. म्हनावं जीप धर, दुपारच्या आत ये. भांडायचं तं हितं येऊन भांड."

ती आली. जीपमधून उतरतानाच भांडत आली आणि कोंबडी घेऊनही आली.

पहिला विळा सोमीबायनं लावला. लोंब्या सुपात आल्या, उखळात कांडल्या. मलाही मुसळ धरायला दिलं आणि माझ्या दुसऱ्याच घावाला दाणे अंगणभर उडाले. बायका हसल्या, मीही हसले. नव्या भाताला शिजताना जो वास सुटतो तो मी पहिल्यांदाच घेतला. आमच्याकडे त्याला आशीर्वाद मिळतो, पण शिजतो तो दुकानातलाच तांदूळ.

मग लहानूबाबानं ओसरीवर पळसाची पानं मांडली. प्रत्येक पानावर नवा भात, कोंबडीचा रस्सा आणि चवळी. पानामागे पान, घरातल्या मेलेल्या माणसांची. तो एकेकाचं नाव घेऊन हाक मारत होता, शेजाऱ्याला जेवायला बोलवावं तशी. त्याचा बाप, त्याची आई. मग थोरला भाऊ.

"गोमा, ये. नवं खा."

सोमीबायनं पदर डोक्यावर ओढून हात जोडले. मी सुनीताला कुजबुजत विचारलं, "गोमा?"

"माझे सासरे," ती म्हणाली.

मी ओसरीच्या कडेला खाली बसले. तोवर लहानूबाबा पुढच्या पानाशी पोचला होता. "डायवरदादा, ये. नवं खा." त्या पानापाशी त्यानं मोहाच्या दारूचे दोन थेंब टाकले. आजोबा दारूला शिवत नव्हते, असं ममईनं आम्हाला जन्मभर सांगितलं होतं. मग शेवटचं पान. सोमीबाय उठली, फळीवरचा डबा काढला, त्यातला एक फुगा त्या पानावर ठेवला.

"इजाबाय, ये," लहानूबाबा म्हणाला. "ह्या वर्षी हिकडं बस."

मी रडले. लपवून नाही, सगळ्यांसमोर. ममई गेल्यापासून मी नीट रडले नव्हते. मयतीचं, मिस्साचं, कागदपत्रांचं सगळं मीच धावत केलं होतं. आमच्या दोन खोल्यांतून कधी फारशी बाहेर न पडलेली बाई, असं मी तिला समजत होते. तिचं एक पान ह्या डोंगरात वाढलं जात होतं.

सोमीबाय शेजारी येऊन बसली. "भास्करचा बापूस गेला त्या वर्षी तिनंच मला इचारलं, त्याला नवं कसं देनार? मी सांगितलं, पान घालतो. ती म्हनाली, आमच्यात पान नसतं, आमी देवळात नाव घेतो. मी घेन. घ्यायची ना गो? तिकडं नाव घेतात ना त्याचं?"

मी फक्त मान हलवली. तिला वाटलं, हो.

रविवार

मुक्कामाची गाडी पहाटे डोळखांबहून सुटते, म्हणून भास्करबरोबर अंधारातच निघाले. सोमीबायनं स्वतः कापलेली पेंढी तिनं ममईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून दिली. तो तुकडा गेल्या वर्षी इथंच राहिला होता. मोहाच्या फांदीवरची माझी पेंढी पाखरांनी अर्धी केली होती. ड्रायव्हर तरुण होता. लुगड्याकडे पाहून काही न विचारता म्हणाला, "पुढं ठेवा, काचेपाशी. हितंच ठेवतात ती." कोण ठेवायचं, ते त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

गावठाणात पोचले तेव्हा बाजावाले सूर लावत होते. ममी क्रुसापाशी उभी होती. तिनं पेंढी पाहिली, लुगडं पाहिलं आणि माझ्या केसांतलं गवत काढलं. मी पेंढी तिच्या हातात दिली आणि तशीच, धुळीच्या कपड्यांनी, देवळाच्या मागच्या दारानं फादरकडे गेले.

मिस्सा सुरू झाली. आशीर्वादाचं पाणी लोंब्यांवर पडलं तेव्हा नव्या भाताचा तो वास मला पुन्हा आला, निदान वाटला तरी. फादर नावं वाचायला लागले. आमच्या घराची पाळी आली. पणजोबा, पणजी, आंतोन म्हणजे आजोबा. मग पहिल्यांदाच, इजाबेल. ममीनं डोळ्यांना रुमाल लावला.

"आणि गोमा," फादर म्हणाले.

ममीनं रुमाल खाली घेतला आणि माझ्याकडे झुकली. "तू तर नको म्हणाली होतीस. कोण गं हा?"

"आपलाच आहे," मी म्हटलं.